टिकली मेंढीला भावपूर्ण श्रद्धांजली

मुलांना हायकू शिकवणं ही काही अवघड गोष्ट नाही! हे वाक्य मी आमच्या सिडकोतल्या घराच्या गॅलरीत इतक्या ठामपणे म्हटलं की कठड्यावरचं कबूतर दचकून उडालं. नानासाहेब, म्हणजे माझे यजमान, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू शिकवशील गं. प्रश्न शिकणाऱ्यांचा आहे."

मी त्यांना समजावायला बसले. आयुष्यभर मी जात्यावरच्या ओव्या गोळा करत हिंडले. दळणाऱ्या बाईला एका श्वासात जेवढं मावेल तेवढंच ओवीत असतं. हायकूचंही तसंच. तीन ओळी, एखादा पक्षी, एखादं पान, आणि गप्प. जपानातली ही एवढीशी कविता आणि आपली ओवी या मला चुलत बहिणीच वाटत होत्या! ज्यांच्या आज्या ओव्या गातात त्या पोरांना हायकू पाजणं म्हणजे कोकराला दूध पाजणं. फक्त नुसती कविता नको. चित्रांची पुस्तकं हवीत आणि चित्रांत प्राणी हवेत. प्राणी दिसला की मूल जवळ येतं, मूल जवळ आलं की तीन ओळी हळूच त्याच्या कानात सोडायच्या. बेत इतका गोड होता की त्याला मुंग्या लागल्यात हे मला दिसलंच नाही.

शहराबाहेर शेंद्र्याच्या पुढं, कारखान्यांचं तारेचं कुंपण संपतं तिथं मेंढपाळांची एक वस्ती आहे. कुंपणाच्या आतही पूर्वी त्यांच्याच मेंढ्या चरायच्या. आता आत गाड्यांचे सुटे भाग तयार होतात आणि बाहेर मेंढ्या कुंपणाला तोंड लावून उभ्या असतात. वस्तीला एक शाळा, शाळेला एक खोली आणि खोलीला एकच मास्तर, बद्रीनाथ सर. सरांनी माझं स्वागत फार आनंदानं केलं. दुपारचा एक तास दुसरं कोणीतरी वर्ग सांभाळणार म्हटल्यावर त्यांनी जपानी काय, चिनी कवितेचंही केलं असतं.

पहिल्या दिवशी मी बगळ्याचं पुस्तक उघडलं. पानभर पाणी, कडेला एका पायावर बगळा, खाली तीन ओळी. मी त्या अगदी ओल्या आवाजात वाचल्या आणि थांबले. वर्गही थांबला. मला वाटलं, भिडलं!

मागून आवाज आला, "मंग?"

"मग काय? संपलं."

"बगळ्यानं मासा खाल्ला का नाय?"

"ते आपण आपल्या मनात बघायचं."

पोरानं डोळे मिटले, उघडले. "बघितलं. खाल्ला. मंग?"

दुसऱ्या दिवशी मी पांडाचं पुस्तक काढलं. हे मेंढरू इतकं घाण कुणी रंगवलं, अशी चौकशी झाली. तिसऱ्या पुस्तकातला हत्ती त्यांना आवडला, पण एवढ्या मोठ्या जनावराला तीनच ओळी दिल्याबद्दल कवीवर चिक्कूपणाचा आरोप झाला. मी घरी आले की नानासाहेब विचारत, "आज काय, वाघ की ससा?" मी पोळ्या लाटायला घ्यायचे.

पण हळूहळू पोरांना गंमत कळली. कळली ती त्यांच्या पद्धतीनं. पुस्तकातले प्राणी बाजूला राहिले आणि घरचे आले. एकानं लिहून आणलं:

म्हैस बसली
उठत नाय म्हणं
बा बी बसला

दुसरीचं त्याहून वरचढ:

पाव्हणा आला
कोंबडी दिसंनाच
रस्सा तिखट

मी हुरळून गेले. म्हशीच्या शेजारी बसवलेला बाप दुसऱ्या दिवशी शाळेत भांडायला आला, ते मी नानासाहेबांना सांगितलं नाही.

भागू मात्र लिहीत नव्हती. भागू म्हणजे वस्तीतल्या म्हाताऱ्या मुंजाबांची नात, तिसरीतली. पुस्तकातल्या प्राण्यांकडं मन लावून बघायची, तोंडातून अक्षर काढायची नाही, आणि शाळा सुटायच्या आधीच चपला घालून तयार असायची. सरांनी मला एकदा व्हरांड्यात नेऊन सगळं सांगितलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिच्या आईला, सिंधूला, शहरातल्या दवाखान्यात नेलं ते नेलंच. तिकडंच सगळं उरकलं. वस्तीच्या तोंडाला तेव्हा रस्ता अडवून बांबू बांधलेले. कोणी भेटायला आलं नाही, कोणी रडलं नाही, कुणाच्या घरून भाकरी आली नाही. मुंजाबांनी नातीला सांगितलं, आई दवाखान्यात आहे. एकदा सांगितलं ते मग रोजच सांगावं लागलं. बाप, आप्पा, कारखान्यात पाळीवर जातो. त्याच्यानंही सांगवलं नाही. वस्तीनं तोंड शिवलं आणि सरांनीही.

पोरांपैकी कोणी बोललं नाही का, असं मी विचारलं. बोलला होता एक, भांडणात. त्यावर भागू म्हणाली होती, "खोटं. माझी आजी मेली तवा किती माणसं आलती. आईच्या टायमाला कोण आलतं?"

पोरीच्या हिशोबात चूक नव्हती. बाई गेली की माणसं येतात, बायका रडतात, घरची चूल बंद असते. यातलं काहीच झालं नाही, उलट आजोबांनी त्या दिवशीही स्वतः भाकरी थापली. तेव्हा आई यायची आहे. रोज दिवस कलला की ती दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यावर बसे. शेजारी तिची मेंढी टिकली उभी राही. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकली. आई मेलेलं ते कोकरू सिंधूनंच बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

"कुणीतरी सांगायला पाहिजे तिला," सर म्हणाले.

"कुणी?" मी म्हणाले.

सर रस्त्याकडं बघू लागले. मीही तिकडंच बघितलं.

आणि एक दिवस भागूनं माझ्या हातात घडी केलेला कागद ठेवला.

सांज झाली की
मेंढी बघती वाट
दार उघडं

मी ते दोनदा वाचलं. ओव्या शोधत मी गावोगाव हिंडले, पण इतक्या थोडक्यात इतकं कोणी माझ्या पदरात टाकलं नव्हतं. मी विचारलं, "चित्र?" ती म्हणाली, "चित्र नाय येत. फोटू हाय." आप्पाच्या मोबाइलात एक फोटो होता. टिकली ऐटीत उभी, आणि तिच्या डोक्यावर ठेवलेला एका बाईचा हात. हिरव्या बांगड्या, मनगटावर तुळशीचं गोंदण. बाकी बाई फोटोत आलीच नव्हती. सिंधूचा तेवढाच फोटो घरात उरला होता.

तेव्हा कोणीही शहाणं माणूस थबकलं असतं. मी हायकूच्या नादात होते. मी ठरवलं, या तीन ओळी चार भिंतींत ठेवायच्या नाहीत. मोठा फ्लेक्स करायचा, वस्तीच्या वळणावर लावायचा, केंद्रप्रमुखांच्या हस्ते उद्घाटन करायचं. पोरीचं नाव होईल. पोरगी बोलायला लागेल. आपल्याकडं माणूस फ्लेक्सवर झळकल्याशिवाय त्याला स्वतःलाही आपण आहोत असं वाटत नाही, हे मी सरांना पटवून दिलं.

शेंद्र्याच्या फाट्यावर फकिराचं फ्लेक्सचं दुकान आहे. मी त्याला मोबाइलवर फोटो आणि ओळी पाठवल्या आणि समोर बसून नीट सूचना दिल्या. भडक नको रे बाबा. शांत ठेव. रंग काळा-पांढरा केलास तरी चालेल. कोपऱ्यात चार फुलं टाक. मेंढी मधोमध, तिच्या नावासकट. त्याखाली तीन ओळी. सगळ्यात खाली शाळेतली सगळी मुलं आणि माझं नाव. मान देऊन लिही हो.

फकिरा ऐकता ऐकता गंभीर होत गेला. त्यानं दुकानातलं गाणंसुद्धा बंद केलं.

"समजलं मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमी कायबी काळजी करू नका. उद्या सकाळी मीच लावतो. शोभंल असं करतो."

त्याच्या रसिकतेचं मला केवढं कौतुक वाटलं! घरी येऊन मी नानासाहेबांना म्हणाले, कविता कळणारी माणसं कुठं कुठं दडलेली असतात बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन माझ्या मावसभावाचा. तो बोलेचना, नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी म्हणाला, "धीर धर." मी म्हणाले, धरते, पण कशासाठी? त्यानं फोन ठेवला. दुसरा फोन शाळेतल्या जुन्या मैत्रिणीचा. ती म्हणाली की असं अचानक व्हायला नको होतं, आणि काही लागलं तर सांग. तिसरा फोन फर्दापूरहून, माझ्या थोरल्या बहिणीचा, द्वारकाताईचा. ती सरळ हुंदक्यांनीच सुरू झाली.

"वच्छे, कसे गं गेले नानासाहेब?"

नानासाहेब समोर बसून पोहे खात होते. पोह्यांत लिंबू कमी आहे, एवढंच त्यांचं दुःख होतं. मी म्हणाले, अगं कोणी गेलेलं नाही. ताईला ते पटेना. तिच्या मोबाइलवर फ्लेक्सचा खालचा अर्धा भाग फिरत फिरत आला होता. त्यावर माझं नाव होतं, नावाआधी 'श्रीमती' होतं आणि त्याच्याही आधी 'शोकाकुल' होतं. आमच्याकडं श्रीमती कधी लावतात ते तिला कोणी शिकवायला नको. मी फोन नानासाहेबांच्या हातात दिला. ते शांतपणे म्हणाले, "मीच बोलतोय." पलीकडून एक किंकाळी आली आणि फोन बंद झाला.

मग कोणीतरी मला पूर्ण फ्लेक्सचा फोटो पाठवला. वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दोन्ही बाजूंना समया. मधोमध झेंडूच्या हारात टिकली, डोक्यावरच्या हातासकट, चेहऱ्यावर विलक्षण शांती. खाली 'कै. टिकली'. त्याखाली भागूच्या तीन ओळी. आणि तळाशी 'शोकाकुल: श्रीमती वच्छलाबाई व समस्त विद्यार्थी परिवार'.

मी फकिराला फोन लावला. माझ्या रागाचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं की त्याच्याकडं साचे दोनच, एक वाढदिवसाचा आणि एक हा. आणि जनावराचा फ्लेक्स काही नवा नाही. मागच्याच महिन्यात एका बैलाचा केला होता, दहाव्याच्या जेवणाच्या वेळेसकट.

"पण मेंढी जिवंत आहे रे," मी म्हणाले.

"मला काय म्हाईत मॅडम. मी ओळी वाचल्या. वाढदिवसाच्या नाय वाटल्या. वाचून मलाच कसंतरी झालं."

आयुष्यात मला मिळालेलं ते सगळ्यात सच्चं रसग्रहण होतं, आणि ते अशा वेळी मिळालं होतं. मी त्याला म्हणाले, शिडी घे आणि आधी तो फ्लेक्स उतरव. स्वतः स्कूटीवर बसले आणि जालना रोडला लागले.

वस्तीवर पोचले तर मुंजाबांच्या दारात जत्रा! त्याचं असं झालं होतं की आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये बातमी पोचली होती ती एवढीच, की मुंजाबांच्या वळणावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. कोण गेलं हे कोणी विचारत बसलं नाही. अशा वेळी ते विचारत नाहीत. बायकांनी पिठलं हाटलं, भाकरी थापल्या, टोपल्यांवर फडकी टाकली आणि डोक्यावर घेऊन निघाल्या. शेजारच्या गावचा कडूबा दुखवट्याचा टॉवेल आणि टोपी घेऊन आला होता आणि ते कुणाला घालायचं म्हणून चौकशी करत होता. कारखान्याची बस वळणावर थांबली होती. ड्रायव्हर खाली उतरून मेंढीच्या फोटोला हात जोडत होता. आणि खुद्द कैलासवासी टिकली दाराशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या टोपल्या हुंगत होती.

मुंजाबा उंबऱ्यावर काठी घेऊन उभे. "जावा," ते म्हणत होते. "माझी मेंढी जित्ती हाय. घरला जावा समदे."

बायकांना हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. पण निघता कुणालाच येईना. दुखवट्याला नेलेली भाकरी परत घरी न्यायची नसते. ती नेली तर दुःख आपल्या घरी येतं. मेलेलं कोणी नाही आणि भाकरी तर दारात आलेली. तशा अडकून त्या टोपल्या मांडीवर घेऊन ओळीनं बसल्या.

एवढ्यात केंद्रप्रमुखांची गाडी आली. रामकिसन साहेब, उद्घाटनाला. वळणावरचा फ्लेक्स त्यांनी येता येता वाचला होता, समोर बायका पदर घेऊन बसलेल्या. अनुभवी माणूस! समईसाठी आणलेला हार त्यांनी तसाच हातात धरला आणि मी तोंड उघडायच्या आत बोलायला सुरुवात केली. टिकली ही केवळ एक मेंढी नव्हती, ती एक संस्था होती. तिच्या जाण्यानं शैक्षणिक क्षेत्रात जी पोकळी निर्माण झाली आहे ती भरून निघणं कठीण आहे. मी त्यांचा शर्ट मागून ओढत होते. त्यांना वाटलं, मला भावना आवरत नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. त्या शांततेत टिकलीनं त्यांच्या हातातला हार अर्धा ओढून घेतला आणि चावता चावता एकदा मोठ्यानं ओरडली. साहेबांनी तिच्याकडं बघितलं, कपाळावरच्या ठिपक्याकडं बघितलं, मग फ्लेक्सच्या दिशेला बघितलं, आणि मीटिंग आहे म्हणून निघून गेले.

आता सगळं हसण्यावारी संपणार, असं मला वाटलं. सुटले, असं वाटलं. दोन-चार बायका तर तोंडात पदर कोंबून हसत होत्याच.

आक्काबाई हसत नव्हत्या. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, पाठीत पार वाकलेल्या. त्या माझ्याकडं वळल्या. "बाई, तुमच्याजवळ हाय का त्यो फोटू?" मी मोबाइल पुढं केला. त्यांनी तो हाताच्या अंतरावर धरून बराच वेळ बघितला. मग मांडीवरच्या टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

"ही भाकर मी मेंढीच्या नावानं नाय आणली," त्या म्हणाल्या. "ह्यो हात सिंधूचा हाय."

मोबाइल हातोहात फिरला. गोंदण जिला तिला ओळखू आलं. कुणी तिच्याबरोबर लाकडं आणायला गेलेली, कुणाच्या बाळंतपणात ती राबलेली.

मुंजाबांनी नातीकडं बघितलं. भागू दाराच्या कोपऱ्यात टिकलीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. म्हाताऱ्यानं रोजचंच वाक्य उचललं. "ती दवाखान्यात हाय," ते म्हणाले.

"मुंजाबा, पुरं आता," आक्काबाई म्हणाल्या.

त्यांनी ते इतकं हळू म्हटलं की रागवल्यासारखं वाटलंच नाही. मुंजाबांच्या हातातली काठी कलंडली. ते उंबऱ्यावर खाली बसले, आणि आक्काबाईंनी हेल काढला.

आयुष्यभर मी ओव्या ऐकत आले. बायकांचं हेल काढून रडणंही ऐकलंय, त्यातले शब्द टिपूनही घेतलेत. पण त्या दिवशी आक्काबाईंनी माझ्या देखत त्या तीन ओळी उचलल्या, कधी कोणी वाचून दाखवल्या होत्या त्यांना कोण जाणे, आणि आपल्या गळ्यात घातल्या.

सांज झाली गं सिंधूबाई, मेंढी बघती तुझी वाट,
दार उघडं ठिवलंय लेकीनं, कवा येशील गं दारात,
आमी आलो न्हाई गं बाई, आमच्या पायात व्हता बांबू...

दुसरीनं ते पुढं नेलं, तिसरीनं आणखी पुढं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दीड वर्षाचं रडणं होतं ते, आणि नुसत्या सिंधूचंही नव्हतं. त्या उन्हाळ्यात ज्यांना ज्यांना नेलं आणि परत आणलं नाही त्यांची नावं एकेक करून त्यात येत गेली. रात्रपाळीवरून सुटलेला आप्पा बसमधून उतरला, दारातली गर्दी बघून धावत आला, आणि काय चाललंय ते कळल्यावर बापाच्या शेजारी जाऊन बसला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. कडूबानं टॉवेल दोघांच्या मांडीवर ठेवला. मी भिंतीला टेकून उभी होते. माझा पदर कधी भिजला ते मला कळलं नाही.

भागू माझ्याजवळ आली. तिनं सगळं नीट बघून घेतलं होतं. माणसं, टोपल्या, रडणाऱ्या बायका, या गर्दीत आज पेटवायचीच राहिलेली चूल.

"बाई, एवढी माणसं टिकलीसाठी नाय आली."

"नाही."

"आईसाठी आली."

मी मान डोलावली.

"मंग ती आता येणार नाय."

मला अशा प्रसंगाच्या कितीतरी ओव्या पाठ आहेत. एकही आठवली नाही. मी खाली बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "नाही बाळा. येणार नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. मोठ्या माणसांनी एखादं साधं काम उगाच अवघड करून ठेवावं, तशी ती बघत होती.

"मंग आदुगरच सांगायचं ना," ती म्हणाली. "मी रोज तिच्यासाठी अर्धी भाकर ठिवती."

आणि मग ती रडली. तोंड उघडून, पोटातून, लहान पोर रडतं तशी. मुंजाबांनी तिला ओढून घोंगडीत घेतलं आणि "सिंधू, सिंधू" म्हणत राहिले. ते नाव त्या घरात दीड वर्षात कोणी उच्चारलं नव्हतं. ती अर्धी भाकर रोज सकाळी कुठं जात होती हे टिकलीच्या गरगरीत अंगाकडं बघून सगळ्यांच्या लक्षात आलं. पण कोणी हसलं नाही.

फकिरा शिडी घेऊन आला तेव्हा बायका मुंजाबांना आणि भागूला घास भरवत होत्या. तो माझी माफी मागू लागला, मी त्याची. फ्लेक्स उतरवतो म्हणाला, तर मुंजाबा आतून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दहा दिस ऱ्हाऊ दे. नाव तेवढं बदल." फकिरानं नावाची पट्टी छापून आणली आणि टिकलीच्या नावावर चिकटवली. तेव्हा आता वळणावर जो फ्लेक्स आहे त्यावर 'कै. सौ. सिंधू' असं लिहिलंय आणि वर मेंढीचा फोटो आहे. हात तेवढा सिंधूचा. वाळूजकडून पाळीच्या गाड्या घेऊन येणारे नवखे ड्रायव्हर तिथं वेग कमी करतात, पुन्हा पुन्हा वाचतात, आणि काही न कळून पुढं जातात. माझं नाव अजून श्रीमतीच आहे. नानासाहेब म्हणतात, असू दे, दहा दिवसांत मला सवय होईल.

घरी आले तर द्वारकाताईचा पुन्हा फोन. नानासाहेब जिवंत असल्याचा धक्का तिनं पचवला होता आणि आता ती रागात होती. मग मेलं कोण, असं तिनं विचारलं. सकाळपासून मी सगळ्यांना कोणी नाही, कोणी नाही असंच सांगत होते. या वेळी मी म्हणाले, "सिंधू गेली गं."

"कोण सिंधू?"

मी सांगत बसले. सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही, आणि माझ्या बहिणीच्या बाबतीत हे फारच झालं. शेवटी तिनं एवढंच विचारलं की तिकडं जायला बस कुठून मिळते.

दुसऱ्या दिवशी ती फर्दापूरहून आली, टोपलीभर भाकरी आणि पिठलं घेऊन. कधी न पाहिलेल्या सिंधूसाठी आक्काबाईंच्या गळ्यात पडून रडली. भागूला मांडीवर घेऊन बसली, तिचे केस विंचरले, दोन वेण्या घातल्या. भागूनं तिला तिच्या घरी कोणकोणती जनावरं आहेत ते सगळं विचारून घेतलं, मांजरापासून म्हशीपर्यंत. सर दाराशी उभे राहून ऐकत होते. पोरीच्या तोंडून इतके शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते.

परतताना मी ताईला फाट्यापर्यंत सोडायला गेले. वळणावर ती थांबली, डोळ्यांना पदर लावून फ्लेक्सकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ती त्या तीन ओळींबद्दल काहीतरी म्हणणार. मी वाट बघत उभी राहिले.

"मेंढी मात्र चांगली आहे गं," द्वारकाताई म्हणाली. "मेली नाही ते बरं झालं."